नको तिथे वाढलेलं हाड

मी प्रकाश. भाईंदरमध्ये सतरा वर्षं शहर बस चालवली. स्टेशन ते उत्तन, पुढे पाली, चौक, हा माझा नेहमीचा रूट. घर पूर्वेला इंद्रलोकमध्ये. मूळ गाव गुहागरकडचं. घरात बायको वैशाली, ती केबिन रोडवरच्या एका साड्यांच्या दुकानात कामाला आहे, आणि मुलगी श्रावणी, जी तेव्हा दहावीला होती.

लिहायची मला सवय नाही. ड्युटीच्या कागदापलीकडे मी कधी काही लिहिलेलं नाही. पण ऑपरेशननंतर माझ्या पाठीत नेमकं काय झालं हे कळायला मला सात महिने लागले. त्यातले काही महिने कुणी नीट ऐकून घेत नव्हतं म्हणून गेले, आणि काही मीच घाबरून विचारलं नाही म्हणून गेले. दुसऱ्या कुणाचे तेवढे जाऊ नयेत एवढ्यासाठी हे सांगतोय. मणक्याचं ऑपरेशन करू नका असं मला अजिबात म्हणायचं नाही. माझ्याच वॉर्डात ज्या गृहस्थांचं हे ऑपरेशन झालं, ते आज नातवाला खांद्यावर घेऊन फिरतात.

मणका सरकला

बस चालवणाऱ्याची कंबर दुखतेच. आमच्या डेपोत कंबर न दुखणारा ड्रायव्हर म्हणजे कालच भरती झालेला. म्हणून मीही वर्षभर मलम चोळत काढलं. मग एके दिवशी उत्तनच्या स्टॉपवर गाडी लावली आणि केबिनमधून खाली उतरताच येईना. डाव्या कुल्ल्यापासून अंगठ्यापर्यंत कुणीतरी तार ओढून धरलीय असं वाटत होतं. माझा कंडक्टर जॉनी, पालीचा, अंगाने दांडगा. त्याने मला काखेत हात घालून लहान पोरासारखं खाली घेतलं.

"आज तू गाडी न्हाय चालवायची," तो म्हणाला. "आज दवाखाना."

एमआरआय झाला. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली आणि पेनाने दाखवलं. खालून दुसरा मणका पुढे सरकला होता आणि नस दाबत होता. व्यायाम, गोळ्या, पाठीतलं इंजेक्शन, सगळं करून चार महिन्यांनी आम्ही पुन्हा त्यांच्यासमोर बसलो.

"आता स्क्रू टाकून हे दोन मणके एकमेकांना जोडू," ते म्हणाले.

मी विचारलं, "बस चालवता येईल ना?"

"तीन-चार महिन्यांत."

गावी एकाचं असं ऑपरेशन झालं होतं. त्याच्या कंबरेचं हाड काढून मणक्यात भरलं होतं आणि त्याला पाठीपेक्षा ती कंबरच जास्त दुखायची. म्हणून मी तेही विचारलं.

"त्याची गरज नाही आता. कृत्रिम हाड मिळतं. त्यात हाड वाढवणारं औषध असतं. एक जखम वाचते तुमची."

मला ते फार चांगलं वाटलं. कृत्रिम हाडाबद्दल आमचं एवढंच बोलणं झालं. हे औषध कुठे कुठे जाऊ शकतं, ते जास्त झालं तर काय होतं, हे विचारावं असं माझ्या डोक्यातही आलं नाही. ऑपरेशनच्या सकाळी मला आत नेल्यावर आणखी एक फॉर्म बाहेर आला. इंग्रजीत. सिस्टर म्हणाली, "इथे आणि इथे." वैशालीने सही केली. ही सही पुढे आमच्या घरात किती मोठी होणार होती, ते तेव्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

सहा दिवस

हॉस्पिटलमध्ये दिवस पहाटेच सुरू होतो. आधी ताप, मग प्रेशर, मग इंजेक्शन, मग झाडूवाली मावशी, आणि हे सगळं झाल्यावर चहा. कूस बदलायची म्हणजे दोघांनी धरून ओंडका लोळवतात तसं एकदम फिरवायचं. बेडपॅनची लाज पहिला दिवस वाटते. दुसऱ्या दिवशी फक्त मावशी वेळेवर यावी असं वाटतं. आमची मावशी रोज येऊन आधी खोबरेल तेलाचं बोट माझ्या कोरड्या ओठांवर फिरवायची. हे तिचं काम नव्हतं. तिला कुणी सांगितलेलंही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी वॉकर धरून उभा राहिलो. तार गेली होती. पाय माझा होता. मी सगळ्यांसमोर रडलो.

तिसरा आठवडा

घरी आल्यावर दहा-बारा दिवस मस्त गेले. मग डाव्या पायात आग सुरू झाली.

हे दुखणं पहिल्यापेक्षा वेगळं होतं, आणि मला हेच कुणाला पटवता येत नव्हतं. आधी तार ओढल्यासारखं व्हायचं. आता हात भाजल्यावर कातडीची होते तशी आग, पण आतून. पांघरूण पायाला लागलेलं सहन होईना. वैशालीने खाटेच्या पायथ्याशी एक स्टूल ठेवलं आणि चादर त्याच्यावरून टाकली, म्हणजे पायाला काही शिवायला नको.

तिसऱ्याच आठवड्यात मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक्स-रे काढला. स्क्रू जागच्या जागी होते. "नसेला थोडी सूज आहे. उतरेल." गोळ्या दिल्या, त्यांनी दिवसभर गुंगी यायची. दीड महिन्याने पुन्हा गेलो. त्यांनी नवीन एक्स-रे जुन्याशेजारी लावला आणि खरोखर खुशीत म्हणाले, "बघा, किती सुंदर हाड भरतंय."

"पण डॉक्टर, पाय जळतोय. आणि आता अंगठाही जड वाटतो."

"ऑपरेशन यशस्वी आहे, प्रकाशराव. काही लोकांना दुखण्याची सवय झालेली असते. थोडं मन खंबीर करा."

मन खंबीर करा. मी उत्तनच्या उतारावरून ब्रेक कमी लागणारी गाडी प्रवाशांसकट उतरवून आणलेला माणूस. पण त्या खुर्चीत बसून मला वाटलं, असेल बुवा, ते शिकलेले आहेत, माझंच काहीतरी बिघडलं असेल.

ताट

माणूस आजारात गोड होतो असं काही नाही. मी तरी झालो नाही. एका दुपारी श्रावणी शाळेतून आली आणि दप्तर टाकताना तिचा धक्का माझ्या पावलाला लागला. मी समोरचं जेवणाचं ताट उचलून भिंतीवर फेकलं. आमटी कॅलेंडरवर उडाली. तिने फडकं आणून भिंत पुसली आणि ती आत गेली. नंतर नऊ दिवस ती माझ्याशी हो-नाहीपलीकडे बोलली नाही. नऊ दिवस मी मोजले, पण माफी मागितली नाही. हे मला आज लिहितानाही जड जातंय.

त्याच सुमारास वैशाली तिच्या बहिणीशी फोनवर बोलताना मी ऐकलं. "डॉक्टर म्हणतात ऑपरेशन छान झालंय. ह्यांच्या मनातच बसलंय आता." तिचा काय दोष? दिवसभर दुकानात उभं राहायचं, घरी येऊन स्वयंपाक, माझी औषधं, माझा संताप. तिला कुणावर तरी विश्वास ठेवायचाच होता. तिने डॉक्टरांवर ठेवला.

चप्पल

चौथ्या महिन्यात मी एकटा केबिन रोडला गेलो. रोज थोडं चाला असं सांगितलं होतं. मागून एक केळीवाला ओरडला, "अंकल! ओ अंकल! चप्पल!"

मी वळून पाहिलं. माझी डावी चप्पल दहा पावलं मागे, रिक्षांच्या मध्ये पडली होती. मी अनवाणी चालत आलो होतो आणि मला कळलंच नव्हतं. केळीवाल्याने गाडी सोडून ती आणून दिली. "पाँव सुन्न हो गया क्या?" त्याने सहज विचारलं. चार महिन्यांत मला कुणी विचारलेला हा पहिला नेमका प्रश्न होता.

तिथेच एका दुकानाच्या पायरीवर बसून मी डावा चवडा वर उचलून पाहिला. उचलला जात होता, पण उजव्याच्या निम्मा. क्लच दाबायच्या आधी पाऊल उचलून पॅडलवर ठेवावं लागतं. ज्याला पाऊल उचलता येत नाही त्याच्या हातात साठ माणसं कोण देईल? मी घाबरलो. पण खरं सांगतो, त्या भीतीने बरंच केलं. आग दिसत नाही. लटकणारं पाऊल दिसतं. आता माझ्याकडे दाखवण्यासारखं काहीतरी होतं.

रिद्धीची वही

आमच्या कॉम्प्लेक्सजवळ रिद्धी नावाची गुजराती फिजिओथेरपिस्ट आहे. वयाने लहान, बोलायला फटकळ. तिच्याकडे मी जायला लागलो. ती दर बुधवारी मला खुर्चीत बसवायची आणि डावा चवडा न थांबता किती वेळा उचलता येतो ते मोजून वहीत लिहायची. पहिल्या बुधवारी चौदा. मग अकरा. मग सात.

सातच्या दिवशी तिने वही माझ्याकडे फिरवली. "काका, हे मनातलं नाहीये. मनातलं असतं ना, तर आकडा कधी वर, कधी खाली झाला असता. हा दर वेळी उतरतोच आहे. नस दाबली जातेय कुठेतरी."

"एक्स-रे चांगला आहे म्हणतात."

"एक्स-रेमध्ये सगळं नाही दिसत. एमआरआयमध्ये स्क्रूमुळे धुरकट येतं. सीटी स्कॅन मागा. आणि ऑपरेशनचे सगळे पेपर मागा. आत काय टाकलं, ते कळायला पाहिजे."

मी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड खिडकीवर गेलो. आतला माणूस म्हणाला, "कशाला पाहिजेत? केस करणार काय?"

"केस नाही करत. माझ्या पाठीत काय आहे ते मला वाचायचंय."

तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला जॉनी बरोबर आला. तो नुसता खिडकीशी उभा राहिला आणि हलला नाही. त्या दिवशी झेरॉक्स मिळाली. तिच्यात स्क्रूच्या पाकिटांवरचे स्टिकर चिकटवलेले होते आणि कृत्रिम हाडाचाही एक स्टिकर होता.

सही

डॉक्टरांनी सीटी लिहून दिला, पण नाखुशीनेच. रिपोर्ट आला त्या दिवशी श्रावणी माझ्या शेजारी बसली. ताट फेकल्याला तोपर्यंत महिने होऊन गेले होते. मी म्हटलं, "त्या दिवशी मी चुकलो, बाळा." ती म्हणाली, "माहितीय. द्या इकडे." आणि एकेक इंग्रजी शब्द फोनवर शोधून तिने मला तो रिपोर्ट मराठीत सांगितला. दोन मणके जुळले होते, छानच जुळले होते. पण हाड तिथे थांबलं नव्हतं. नस जिथून बाहेर पडते त्या भोकात नवीन हाड वाढलं होतं आणि नस त्यात आवळली गेली होती.

मला राग यायला हवा होता. आला तो आनंद. मी खोटा नव्हतो.

वैशाली मात्र भिंतीला टेकून खाली बसली. मी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं म्हटलं, तशी ती म्हणाली, "आता पुन्हा नाही कापायचं. आहे तसं राहू दे. मी आणखी दोन घरची कामं करीन, पण पुन्हा नाही."

"पाऊल पूर्ण जाईल, वैशाली."

"आणि पुन्हा काही झालं तर?" तिचा आवाज चढला. "अहो, तो शेवटचा कागद माझ्यापुढे आला होता. मी वाचला नाही. मला वाचताच येत नव्हता. मी सही केली! तुमच्या पाठीत ते माझ्या सहीने गेलंय."

सात महिने ती हे मनात घेऊन माझी औषधं देत होती. मी तिला एवढंच म्हटलं, "तुझ्याजागी मी असतो तर मीही केली असती. ह्या वेळी तिघं मिळून वाचू."

दुसरे डॉक्टर

मुंबईतल्या एका सरकारी हॉस्पिटलात ओपीडीच्या रांगेत आमचा नंबर दुपारी लागला. हे डॉक्टर वयस्क होते. त्यांनी फिल्मला हात लावायच्या आधी माझी चप्पल काढायला लावली आणि टाचांवर चालून दाखवा म्हणाले. मग रिद्धीची वही वाचली, पानन्‌पान. मग स्टिकर बघितला.

"तिसऱ्या आठवड्यात आग सुरू झाली?"

"हो."

"त्या औषधाने आधी सूज येते, नस चिडते. पुढे काही जणांत नको तिथे हाड तयार होतं. सगळ्यांना होत नाही. पण होतं, हे आम्हाला माहीत आहे. ते औषध हाड वाढवतं, कुठे थांबायचं ते त्याला दर वेळी सांगता येत नाही."

त्यांनी धोकेही सांगितले, न विचारता. नस हाडाला चिकटलेली असेल. नसेवरचं आवरण फाटू शकतं. आग बहुतेक जाईल, ताकद किती येईल ते सांगता येणार नाही. "आणि उशीर झालाय," ते म्हणाले. मला त्यांचा हा खरेपणा कुठल्याही धीरापेक्षा बरा वाटला.

ह्या वेळी फॉर्म आदल्या दिवशी मागून घेतला. वॉर्डात खाटेवर बसून श्रावणीने एकेक ओळ मोठ्याने वाचून मराठीत सांगितली. शेजारच्या दोन खाटाही ऐकत होत्या. एका ओळीशी आम्ही अडलो, तेव्हा वैशाली उठून सिस्टरला घेऊन आली. "हे समजवा आधी." मग मी सही केली. तिने खाली साक्षीदार म्हणून केली, पूर्ण नाव लिहून.

सपाट

आवरण फाटलंच. ते शिवलं, पण आतलं पाणी झिरपू नये म्हणून मला चार दिवस उशीशिवाय सपाट पडून राहावं लागलं. डोकं जरा उचललं की कवटी फुटेल असं वाटायचं. चार दिवस मी फक्त छताचा पंखा पाहिला. जॉनी भेटायला आला, माझ्या तोंडात स्ट्रॉ देऊन नारळपाणी पाजलं आणि म्हणाला, "घाई न्हाय करायची. गाडी कुठं पलून न्हाय जात."

पाचव्या दिवशी सिस्टर पायावर चादर टाकून गेली. ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं की चादर पायावर आहे. खडबडीत, हॉस्पिटलची, फिनेलच्या वासाची. आणि ती नुसती चादर आहे. मी वैशालीला हाक मारली. बोटाने दाखवलं. तिने चादरीवरून हळूच पावलावर हात ठेवला, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि हात तिथेच राहू दिला.

आकडे

आग गेली. ताकद मात्र भीक मागितल्यासारखी थोडी थोडी मिळाली. रिद्धीच्या वहीत तीन. दोन महिने तीनच. मग पाच. रोज सकाळी स्वयंपाकघराचा ओटा धरून मी टाचांवर उभा राहायचो, आणि श्रावणी डबा भरताना मोजायची. एखाद्या दिवशी आकडा उतरला की ती म्हणायची, "उद्या बघू."

डेपोची मेडिकल मी पहिल्यांदा नापास झालो. साहेबांनी टेबलावरचं काम देऊ केलं. मी ते घेतलं, पण पुढच्या मेडिकलची तारीखही मागितली. दुसऱ्या खेपेला टाचांवर उभा राहिलो. डेपोच्या डॉक्टरांनी तीसपर्यंत मोजलं. माझी डावी पोटरी थरथरत होती, पण पाऊल खाली आलं नाही.

तरी मी रूटवर परत गेलेलो नाही. दिवसभराचे हादरे ह्या पाठीला नकोत, असं दुसऱ्या डॉक्टरांनी लिहून दिलंय आणि ते मी मानलंय. आता मी नवीन ड्रायव्हरांना शिकवतो. एका वेळी अर्धा तास गाडी हातात असते, मग उठून चालतो. अंगठा अजून बधिर आहे. तो तसाच राहणार. चालताना चप्पल पायात आहे ना, ते अधूनमधून बघतो. हे सगळं मिळून माझं बरं होणं आहे, आणि मी त्याला कमी समजत नाही.

परत त्याच खुर्चीत

मग एक दिवस पहिल्या डॉक्टरांकडे गेलो. जायचं कारण नव्हतं. वैशालीच म्हणाली, "जाऊन दाखवून येऊ."

त्यांनी नवे-जुने सीटी शेजारी लावले. बराच वेळ पाहिले. मला वाटलं होतं ते टाळतील, पण त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "मी एक्स-रे बघत राहिलो," ते म्हणाले. "तुमचा पाय बघायला हवा होता." मग म्हणाले, "तुमची हरकत नसेल तर ह्या फिल्म मी ज्युनियर डॉक्टरांना दाखवीन. नाव झाकून."

"दाखवा," मी म्हटलं. "पण नाव झाकाल तिथे एक ओळ लिहा. पेशंटने तिसऱ्या आठवड्यात सांगितलं होतं."

त्यांनी पेन काढलं आणि फाइलवर इंग्रजीत लिहिलं. मग काय लिहिलं ते आम्हाला मराठीत वाचून दाखवलं. ते चूक कबूल करतायत हे मला पुरे होतं. मी उठायला लागलो.

वैशाली उठली नाही. जी बाई इतक्या महिन्यांत कुठल्याही डॉक्टरांच्या केबिनमध्ये मान वर करून एक वाक्य बोलली नव्हती, ती म्हणाली, "डॉक्टर, बाहेर एक बाई बसलीय. कंबरेला पट्टा लावून, वॉकर घेऊन. मघापासून आपल्या नवऱ्याला सांगतेय, ऑपरेशननंतर पाय जळतोय म्हणून. तो तिला गप्प बस म्हणतोय."

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटसाठी बेलवर हात ठेवला होता, तो काढून घेतला. ते स्वतः उठले आणि दारापर्यंत गेले. "या आत," त्यांनी त्या बाईला हाक मारली, "आणि चप्पल काढून बसा. आधी पाय बघतो."

आम्ही दार धरून उभे राहिलो, तिचा वॉकर आत जाईपर्यंत.